बी.एस.डब्ल्यू. : वस्तीतल्या कार्यकर्त्याने समाजकार्याची पदवी का आणि कशी शिकावी?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्याकडे काही मुले-मुली विचारायला येतात, "दादा, बी.एस.डब्ल्यू. केले तर चालेल का?" त्यांच्यासोबत आलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो. "समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते? विहारात, जयंती मंडळात ही पोरे काम करतातच की!"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कुणाला दवाखान्यात घेऊन जा, कुणाचा निराधार योजनेचा अर्ज भरून दे, कुणाच्या मुलीच्या शाळेचा दाखला काढून आण, ही कामे आपल्या वस्तीतले तरुण लहानपणापासून करत आले आहेत. मग तीन-चार वर्षे देऊन विद्यापीठ आपल्याला वेगळे काय शिकवणार? आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आणि नंतर समाजकार्यात आलो. बी.एस.डब्ल्यू. आणि एम.एस.डब्ल्यू. झालेल्या सहकाऱ्यांसोबत अनेक वर्षे काम केले. त्या अनुभवावरून ही माहिती एकत्र मांडत आहोत.

एक चूक, जी आम्हाला महागात पडली

सुरुवातीच्या काळात एका गावातील अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही पीडित कुटुंबासोबत उभे होतो. मोर्चा काढला, निवेदने दिली, रात्री पोलीस ठाण्यासमोर बसून राहिलो. काही महिन्यांनी अर्थसाहाय्याचा अर्ज अडकला, तेव्हा वकिलांनी साधे प्रश्न विचारले. पहिला जबाब कोणत्या तारखेला झाला? वैद्यकीय तपासणी किती वाजता झाली? निवेदनाची पोच कुठे आहे? त्या रात्री ठाण्यात कोणता अधिकारी होता? आम्ही दहा-बारा जण तिथे होतो, पण कुणाच्याही वहीत एक ओळ नव्हती.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. पीडितांना तातडीची मदत सात दिवसांत मिळावी, असे हे नियम सांगतात. पुढचे अर्थसाहाय्य गुन्हा नोंदवल्यावर, दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आणि निकालानंतर अशा टप्प्यांनी मिळते. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. हे आम्हाला ऐकून माहीत होते, पण प्रत्येक टप्प्याचा कागद सांभाळायची सवय आम्हाला नव्हती. त्याची किंमत आम्ही मोजली नाही, त्या कुटुंबाने मोजली. त्यानंतर आमच्यासोबत एक बी.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी काम करू लागली. तिच्याकडे प्रत्येक भेटीची तारीखवार नोंद असायची. समाजकार्याची पदवी काय देते, हे आम्हाला त्या वहीतून कळले.

या शिक्षणाचा उगम

समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकात इतिहास बहुधा इंग्लंडच्या १६०१ च्या दारिद्र्य कायद्यापासून सुरू होतो. १८६९ मध्ये लंडनमध्ये धर्मादाय संस्थांचे संघटन झाले. त्यांचे कार्यकर्ते गरिबाच्या घरी जाऊन चौकशी करत आणि मदतीस कोण पात्र ते ठरवत. दुसरा प्रवाह वस्तीत राहून काम करणाऱ्यांचा. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस सुरू केले ते याच वाटेने. मेरी रिचमंड यांचे 'सोशल डायग्नोसिस' १९१७ चे. त्यातून व्यक्तीच्या अडचणीचा पद्धतशीर अभ्यास कसा करावा याचे शास्त्र तयार झाले.

भारतात या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या कामगार वस्तीजवळ झाली. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात नेबरहूड हाऊस उभारले आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

या इतिहासाला आपली जोड आपणच द्यायला हवी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचा मृत्यू झाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा वसतिगृहे, वाचनालये आणि गाऱ्हाणी मांडणे ही तिची कामे होती. आजच्या भाषेत याला समाजकार्यच म्हणतात. हे वर्गात कुणी शिकवले नाही तर विद्यार्थ्याने उभे राहून विचारावे.

बाबासाहेबांनी दाखवलेल्या दोन वाटा

समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येक आंबेडकरी विद्यार्थ्याने बाबासाहेबांचे एक पत्र जरूर वाचावे. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक संघ स्थापन झाला, पुढे त्याचे नाव हरिजन सेवक संघ झाले. या संघाचे सचिव अ. वि. ठक्कर यांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून पत्र लिहिले. ते त्यांच्या १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात आहे.

पत्रातला मुद्दा थोडक्यात असा. दलितांच्या उद्धारासाठी काम करण्याचे दोन मार्ग आहेत. माणूस हलाखीत आहे कारण त्याच्यातच काही दोष आहे, असे पहिला मार्ग मानतो. म्हणून तो दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, शाळा यांवर भर देतो. दुसऱ्या मार्गाच्या मते माणसाची परिस्थितीच प्रतिकूल आहे, म्हणून आधी ती बदलली पाहिजे. बाबासाहेबांनी संघाला दुसरा मार्ग घेण्यास सांगितले. पाणवठे, शाळा, चावडी यांवरील नागरी हक्कांसाठी मोहीम, कामधंद्यात समान संधी आणि समाजात बरोबरीचा व्यवहार हा कार्यक्रम त्यांनी सुचवला. शेवटी कार्यकर्ते कोण असावेत याबद्दलही लिहिले. ज्याला त्या लोकांबद्दल खरी आस्था आहे तोच सेवा करू शकतो, आणि अशी आस्था त्याच समाजातून आलेल्या कार्यकर्त्यांत असण्याची शक्यता अधिक, असे त्यांचे म्हणणे होते.

नव्वद वर्षांनंतरही समाजकार्याच्या वर्गात हाच वाद चालू आहे. मुलगा शाळेत येत नाही. त्याचे समुपदेशन करायचे, की वर्गात त्याला मागे का बसवतात ते विचारायचे? बाई दर महिन्याला कर्ज काढते. तिला बचतीचे प्रशिक्षण द्यायचे, की तिची मजुरी किमान वेतनाइतकी आहे का ते तपासायचे? चांगला समाजकार्यकर्ता दोन्ही करतो. पण कारण कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघाने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येतही सामाजिक परिवर्तन, सामाजिक न्याय, मानवी हक्क आणि लोकांची मुक्ती हे शब्द आहेत. त्यामुळे वर्गात कुणी "तुम्ही राजकारण आणता" म्हणाले तर ही व्याख्या पुढे ठेवता येते.

अभ्यासक्रमात काय असते?

कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला बी.एस.डब्ल्यू.ला प्रवेश मिळू शकतो. पदवी पूर्वापार तीन वर्षांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी घेता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते.

विषयांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांची ओळख होते. दुसऱ्या गटात समाजकार्याच्या सहा पद्धती असतात : व्यक्तीसोबतचे कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, सामाजिक कृती, समाजकल्याण प्रशासन आणि समाजकार्य संशोधन. तिसऱ्या गटात आरोग्य, बालकल्याण, महिला प्रश्न, ग्रामीण विकास, कायदे यांसारखी क्षेत्रे येतात.

समाजशास्त्र आणि समाजकार्य यांत मुलांची गल्लत होते. आमच्या विषयात, म्हणजे समाजशास्त्रात, जात कशी टिकते याचा अभ्यास होतो. समाजकार्यात त्या ज्ञानासह उद्या सकाळी त्या वस्तीत जाऊन काय करायचे हे शिकायचे असते. खूप वाचन आणि संशोधन आवडत असेल तर समाजशास्त्र घ्यावे. माणसांत रमत असाल, कार्यालयांच्या खेटा घालायला कंटाळत नसाल, तर समाजकार्य.

क्षेत्रकार्य : पदवीचा कणा

या पदवीचे खरे शिक्षण वर्गाबाहेर होते. आठवड्यातील साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने संस्था, रुग्णालय, शाळा, न्यायालय किंवा वस्तीत काम करायचे असते. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा असतो. मार्गदर्शक प्राध्यापक तो वाचून विद्यार्थ्याशी स्वतंत्र चर्चा करतात. ग्रामीण शिबिर आणि अभ्यास सहली वेगळ्या.

इथेच फसवणूकही होते. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना संस्थेची नोंदणीपुस्तके भरायला बसवतात, कार्यक्रमात खुर्च्या मांडायला लावतात आणि वर्षाअखेर सही देतात. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने वर्षभर फक्त उपस्थितीपत्रके लिहिली. शेवटी एका माणसाची मुलाखत घे म्हटल्यावर ती गडबडून गेली. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात. क्षेत्रकार्य कुठे होते? मार्गदर्शक अहवाल वाचतात का? ठिकाण निवडताना विद्यार्थ्याचे ऐकतात का? महाविद्यालयाची इमारत कशी आहे यापेक्षा ही उत्तरे महत्त्वाची.

निवडीची संधी मिळाली तर आपल्या प्रश्नांशी जोडलेली ठिकाणे मागावीत. सफाई कामगारांच्या वस्त्या, वसतिगृहे, वीटभट्टी आणि ऊसतोड मजुरांची मुले, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बाल न्याय मंडळ. अत्याचार प्रतिबंधक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते. तिच्या बैठका वेळेवर होतात का, एवढाच अभ्यास एखाद्या विद्यार्थ्याने केला तरी तो जिल्ह्यातील सर्व संघटनांच्या उपयोगी पडेल.

गोपनीयता : कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे

पदवीत शिकवली जाणारी एक गोष्ट आपल्या चळवळीने तातडीने घेण्यासारखी आहे. एखादी घटना घडली की आपण पीडितेचा फोटो, नाव, गाव व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतो. हेतू चांगला असतो, पण ते बेकायदा आहे. पोक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करतात. बलात्कार पीडितेबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये तशीच तरतूद आहे. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी त्या मुलीला त्याच गावात पुढे जगायचे असते. विचारल्याशिवाय कुणाचे दुःख चव्हाट्यावर आणायचे नाही, हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे.

कुठे शिकता येते?

मुंबईत निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून आहे. नागपुरात मातृ सेवा संघाची संस्था आणि तिरपुडे महाविद्यालय ही जुनी नावे. पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची, ती प्रामुख्याने पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखली जाते. टाटा संस्थेचे तुळजापूर केंद्र ग्रामीण प्रश्नांवरील कामासाठी प्रसिद्ध आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात अनेक अनुदानित समाजकार्य महाविद्यालये असून तिथे मराठीतून शिकता येते. नोकरी करत शिकायचे असल्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची दूरशिक्षणातून पदवी आहे. मात्र दूरशिक्षणातही क्षेत्रकार्य टाळता येत नाही.

मराठीतून शिकण्यात कमीपणा काही नाही. वस्तीतली माणसे मराठीतच बोलतात. पण पुढच्या नोकऱ्यांत अहवाल बहुधा इंग्रजीत मागतात. म्हणून पहिल्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजीत लिहायची सवय लावावी.

पैसा आणि कागदपत्रे

पैशाअभावी शिक्षण सोडू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. त्याहून जास्त उत्पन्न असल्यास फ्रीशिपची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचे.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह भत्ता मिळून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, असे योजनेचे दर ठरले. रक्कम उशिरा मिळते हे गृहीत धरून पहिल्या सहा महिन्यांची सोय आधी करून ठेवावी.

जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे बारावीच्या परीक्षेआधीच तयार ठेवावीत. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर कुठे 'बौद्ध', कुठे पूर्वीची जात अशा वेगवेगळ्या नोंदी असतात आणि वैधतेच्या वेळी त्याच आडव्या येतात. वडील, काका, आजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधायला वेळ लागतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. हा हक्क कागदाच्या चुकीमुळे गमावू नये.

पुढे काय?

सरळ सांगायचे तर निव्वळ बी.एस.डब्ल्यू.वर मोठ्या पगाराची नोकरी मिळत नाही. वकिलांची बार कौन्सिल असते तशी समाजकार्यकर्त्यांची देशपातळीवर स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे कुणीही स्वतःला समाजकार्यकर्ता म्हणवून घेतो आणि पदवीधराला त्याच्या बरोबरीने उभे राहावे लागते. सुरुवातीची नोकरी बहुधा स्वयंसेवी संस्थेत, प्रकल्पापुरती आणि कंत्राटी असते. शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांसाठी एम.एस.डब्ल्यू. मागतात. मनोरुग्ण क्षेत्रात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर एम.फिल. अशी पात्रता ठेवली.

तरीही वाटा बऱ्याच आहेत. बालसंरक्षण, परिविक्षा, समुपदेशन केंद्रे, कंपन्यांचे सामाजिक दायित्व प्रकल्प, कामगार कल्याण. कोणत्याही पदवीधराप्रमाणे लोकसेवा आयोगाच्या परीक्षाही देता येतात. समाजकार्याच्या शिक्षणातून उभे राहिलेले काम किती लांब जाते याची दोन उदाहरणे टाटा संस्थेतली आहेत. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला, आणि १९९६ मध्ये मुंबईत १०९८ ही बालकांची हेल्पलाईन.

आणखी एक जागा लक्षात ठेवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक महिला. बालकांसाठी सात वर्षे सक्रिय काम हा या जागेसाठीचा एक निकष आहे. आपल्या वस्त्यांतील मुले या मंडळांसमोर मोठ्या संख्येने उभी राहतात. समोरच्या खुर्चीत त्यांची वस्ती ओळखणारे कुणी असावे, असे वाटत असेल तर आज विशीत असलेल्यांनी कामाची नोंद आजपासून ठेवली पाहिजे.

आमचा सल्ला

ज्यांना सुरक्षित नोकरी लवकर हवी आहे त्यांनी केवळ सोपी पदवी म्हणून बी.एस.डब्ल्यू. घेऊ नये. ज्यांना वस्तीचे काम करायचेच आहे त्यांनी ती घ्यावी आणि एम.एस.डब्ल्यू. किंवा कायद्याची पदवी पुढे धरून चालावे. टाटा संस्थेने दलित आणि आदिवासी अभ्यास व कृती या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी सुरू केली होती, म्हणजे आपले प्रश्न या विद्याशाखेत मध्यभागी आणता येतात हे सिद्ध झाले आहे.

शिकत असताना विहाराशी, अभ्यास वर्गाशी नाते तोडू नका. संस्थेत गेलेला कार्यकर्ता हळूहळू निधी देणाऱ्याची भाषा बोलू लागतो आणि आपल्याच लोकांना 'लाभार्थी' म्हणू लागतो, हे आम्ही पाहिले आहे. त्यावर उपाय एकच : महिन्यातून एकदा तरी, पगार नसलेल्या कामासाठी वस्तीत जाऊन बसणे.

ज्यांना ही पदवी घेता येणार नाही त्यांनीही एक गोष्ट आज रात्रीपासून करावी. दोनशे पानी वही घ्यावी. कुणाला घेऊन कोणत्या कार्यालयात गेलो, कुणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, पोच घेतली का, हे तारखेसह लिहावे. वही कपाटात कुलूपबंद ठेवावी. त्या कुटुंबाच्या वेळी अशी एक वही आमच्याकडे असती, तर वकिलांच्या प्रश्नांना आम्हाला उत्तर देता आले असते.

जय भीम.